एक रीळ यामनाचं, एक रीळ तामोचं

"असा चित्रपटच जगात नाही, मस्यू तुहामी," असं ती बेल्जियमची पोरगी म्हणाली, आणि झहूरच्या हातातला कुसकुसचा गोळा तोंडापाशीच थांबला.

शुक्रवारची नमाज आटोपून झेमरानींचं अख्खं घर जेवायला बसलं होतं. दोन गोल मेजं, दोन पराती. दोन्हींत भोपळा सारखा, गाजरं सारखी, मधोमध मांसाचा ढीगही सारखाच. हाज मआतींना जाऊन तीन वर्षं झाली, पण दोन बायकांच्या घरात कुणाला कमी-जास्त होता कामा नये हा त्यांचा नियम त्यांच्यामागेही तसाच चालू होता. थोरली बायको लल्ला यामना एका परातीशी, धाकटी लल्ला तामो दुसरीशी, आणि मुलं आपापल्या आईकडे. अपवाद एकट्या झहूरचा. ती यामनाची लेक, पण बसायची तामोच्या परातीशी, तुहामीला लागून. साठी उलटली तरी यावरून तिला टोमणे मिळायचे आणि ती ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायची. तुहामी सावत्र भाऊ, पण तिने त्याला कडेवर वागवला होता. तिच्या लेखी विषय तिथेच मिटत होता.

"मिळाला नाही, असं म्हणायचंय तुम्हाला," तुहामी हसत म्हणाला. "जुना आहे. कुठल्या तरी तळघरात पडला असेल."

"नाही. नाही म्हणजे नाहीच." ओदीलने हात पुसले. पोरगी पंचविशी-तिशीतली, सरळ मनाची, खोटं बोलायची सवय नसलेली. "मी वर्षभर शोधला. टोकियोत, मुंबईत, आमच्या चित्रपट-संग्रहालयात. तुम्ही दर मुलाखतीत सांगता तोच. बर्फातून चालणारा तलवारबाज, दूरच्या शहरात शिलाई मशीनपाशी त्याची वाट बघणारी आई, आणि शेवटपर्यंत दोघं भेटत नाहीत. असा चित्रपट कुणी काढलेला नाही. दोन आहेत. एक जपानी, एक हिंदी. तलवारबाज एकात आहे, आई दुसऱ्यात. त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. दोन्ही मी गाडीत घालून आणलेत."

हे साधं प्रकरण नव्हतं. तुहामीने आजवर सहा चित्रपट काढले होते आणि सहाही चित्रपटांत जीव लावणारी दोन माणसं एका चौकटीत कधी येत नव्हती. आई एकीकडे, लेक भलतीकडे, मधे भिंत नाहीतर समुद्र नाहीतर नुसती कात्री. या एका गोष्टीपायी त्याचं नाव झालं होतं. पॅरिसमधल्या एका विद्वानाने त्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं होतं. आता ओदीलच्या गावचा महोत्सव त्याचा मोठा सत्कार करणार होता, आणि त्यांची एकच विनंती होती. ज्या चित्रपटाने तुम्हाला घडवलं, तो आम्हाला द्या, त्यानेच आम्ही उद्घाटन करू.

पहिल्यांदा हसला तो अल्लाल. झहूरचा सख्खा भाऊ, बापाचा 'सिनेमा नजमा' आता लग्नाचा हॉल म्हणून चालवणारा. हसता हसता त्याला ठसका लागला.

"वा रे पठ्ठ्या! तू गोऱ्यांना चकवतोस ते माहीत होतं. पण या बिचारीला पार मुंबईपर्यंत पिटाळलंस?"

"चकवतो?" तुहामी म्हणाला. "कुणाला चकवतो?"

झहूरने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि हातातला गोळा परातीत परत ठेवला. याला माहीतच नव्हतं! पन्नाशीच्या वरच्या अख्ख्या अझेम्मूर गावाला माहीत होतं, आणि याला नव्हतं. कुणी लपवलं होतं असंही नाही. घराला दार आहे हे कोण कुणाला सांगत बसतं? टीव्हीवर त्याची मुलाखत लागली की नदीकाठच्या कॅफेत माणसं मांडीवर थापा मारायची. ऐका ऐका, झेमरानींचा पोरगा परत फेकतोय! त्यांना त्याचा केवढा अभिमान वाटायचा.

"दादा," हनिया हळूच म्हणाली. ती तुहामीची सख्खी धाकटी बहीण, औषधांचं दुकान चालवायची, आणि हळू बोलणं तिच्या स्वभावात नव्हतं. "बा एक रीळ मोठ्या आईचं लावायचे आणि एक रीळ आपल्या आईचं. तुला खरंच माहीत नव्हतं?"

"कसलं रीळ?"

मग दोन्ही म्हाताऱ्यांनी एकदमच तोंड उघडलं.

"तेव्हा एका तिकिटात दोन चित्रपट असायचे," यामना म्हणाली. "मला हिंदी आवडायचा. काय ती गाणी, काय ती साडी!"

"आधी हिचा रडका लागायचा," तामो म्हणाली. "माझा जपानी येईपर्यंत अर्धी माणसं झोपलेली, अर्धी घरी गेलेली. मी हाजना म्हटलं, हा कुठला न्याय?"

"मग हिचा आधी लावायला लागले. तर तलवारी बघून पोरांची डोकी फिरलेली. पडद्यावर माझी आई मशीन चालवतेय, आणि पोरं खुर्च्यांवर चढून काठ्या खेळतायत."

"मग दिवस वाटून दिले. तर शुक्रवार हिच्या वाट्याला!"

"एक शुक्रवार गं!"

"शुक्रवार तो शुक्रवार!"

"भांडू नका, पुढचं सांगा," तुहामी म्हणाला.

पुढचं झहूरने सांगितलं. बा मशिदीतल्या धर्मपंडिताकडे, फकीहकडे गेले. फकीहने बजावलं की दोघींना समान वागव, एकीकडे झुकलास तर कयामतच्या दिवशी अर्धं अंग लुळं घेऊन उठशील. बा आधीच भित्रे. त्या रात्री त्यांचा डावा हात मुंग्या येऊन बधिर झाला, आणि फकीहचं म्हणणं त्यांना पटलं. वरच्या खोलीत चित्रपट चालवायची दोन यंत्रं होती. एकावरचं रीळ संपायला आलं की दुसरं सुरू करायचं, म्हणून दोन. बांनी डावं यंत्र यामनाला दिलं, उजवं तामोला. एक रीळ हिचं, एक रीळ तिचं. असा न्याय कुठल्या काझीनेही केला नसता.

"आणि लोकांनी चालवून घेतलं?" तुहामीने विचारलं.

"आधी शिट्ट्या मारल्या. मग कुठल्याशा रिळात आईने खिडकीत दिवा ठेवला. लगेच उजवं यंत्र सुरू झालं, बर्फ, आणि तुझा तो तलवारबाज चालता चालता थांबला. लांब कुठेतरी काहीतरी दिसल्यासारखा. हॉलमध्ये कुणी हूं की चूं करेना. आणि खालून कुणीतरी ओरडलं, अरे, हा तिचाच पोरगा! दुसऱ्या दिवशी भट्टीवाला पाव भाजायला येईल त्याला गोष्ट समजावून सांगत होता."

"आणि तिचं ते गाणं? दोनदा येतं ते?"

"माझं शेवटचं रीळ त्यांनी खाल्लं ना," यामना म्हणाली. "पहिल्या रात्री दाखवलं तर लोकांनी खुर्च्या मोडल्या. परत म्हणून लावलं नाही. मग माझं एक रीळ कमी पडलं, म्हणून भरपाईला गाणं पुन्हा."

पॅरिसच्या विद्वानाने दोनदा येणाऱ्या गाण्यावर एक सबंध प्रकरण लिहिलं होतं. तुहामीने ते इथेच, याच मेजाशी सगळ्यांना वाचून दाखवलं होतं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. तो आता उठला. हात धुवायचंही त्याला सुचलं नाही.

"तीस वर्षं," तो म्हणाला, "तीस वर्षं मी मायलेकरांना एका चौकटीत येऊ दिलं नाही. नट्या माझ्या पाया पडल्या, एकदा तरी पोराला जवळ घेऊ द्या म्हणून. मी म्हटलं, नाही, कलेत ते बसत नाही. का बसत नाही? तर तो जपानात होता आणि ती मुंबईत!"

आणि तो दार आपटून गेला.

तो गेल्यावर शोक करावा एवढी समज त्या घरात नव्हती. अल्लाल ओदीलकडे वळला आणि म्हणाला, "मग लिहा की याला हिंदी चित्रपटाने घडवलं. आई कुणाची होती? हिंदीतली. रडं कुणाचं? हिंदीतलं. याच्या सगळ्या चित्रपटांत रडं आहे."

"रडं असेल, पण चालणं कुणाचं आहे?" हनिया कडाडली. "याच्या चित्रपटात माणसं तास तास नुसती चालतात. ती काय साडी नेसून चालतात? जपानी आहे तो. आमच्या आईमुळे झालाय."

"तुमच्या आईमुळे तो घरात उशिरा यायला शिकला."

"आणि तुमच्या आईमुळे जाडा झाला!"

"मस्यू तुहामी येतील ना परत?" ओदीलने विचारलं. "आज हॉलमध्ये खेळ ठरलाय. अख्खं गाव येणार आहे."

पण आता यामना आणि तामो एकीकडे झाल्या होत्या आणि दोघींनी मिळून अल्लाल-हनियाला फैलावर घेतलं होतं. तरुणपणी त्या दोघी एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या बाकी होत्या, पण नवरा गेल्यापासून त्यांची गट्टी जमली होती. भांडण आता फक्त मुलं चालवत होती, वडिलोपार्जित जमिनीसारखं. झहूर उठली आणि तुहामीच्या मागे गेली.

तो हॉलच्या वरच्या खोलीत सापडला, दोन यंत्रांच्या मधे, उलट्या घातलेल्या पाण्याच्या बादलीवर बसलेला. खाली खुर्च्यांना लग्नाचे सोनेरी अभ्रे तसेच होते आणि पडद्यापुढे नवरा-नवरीचं सिंहासन. अल्लाल लग्नांच्या हंगामातही यंत्रांना तेल घालायचा. कशासाठी, ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

"खाली बस नीट, पाठ धरेल तुझी," झहूर म्हणाली.

"ताई, मी तिला सांगणार आहे. सत्कार नको म्हणून. आणि सातवा चित्रपटही काढत नाही."

"का?"

"का काय? पाया नाही त्याला. खाली माती नाही."

"तुला वाईट नेमकं कशाचं वाटतंय?" झहूरने चाळीस वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला होता आणि रडणाऱ्या माणसाशी आडवळणाने बोलणं तिला जमायचं नाही. "खोटं निघालं त्याचं, की आपल्या घरातलं निघालं त्याचं?"

तुहामीने डाव्या यंत्रावरून हात फिरवला.

"मला वाटायचं, कुणीतरी मोठा माणूस आहे," तो म्हणाला. "जगाच्या दुसऱ्या टोकाला. त्याला ठाऊक होतं की आई आणि मुलगा भेटले की गोष्ट मरते. त्याने जाणूनबुजून त्यांना वेगळं ठेवलं. मी सात वर्षांचा होतो ताई, अंधारात बसलो होतो आणि मला वाटलं, या माणसाला माझ्या मनातलं कळतंय. तेव्हापासून मी जे केलं ते त्याला दाखवायला केलं. एक दिवस तो बघेल आणि म्हणेल, हां, जमलं."

"आणि तो निघाला बा."

"आणि तो निघाला बा! ज्यांना सिनेमातलं ओ की ठो कळत नव्हतं. चित्रपट चालू झाला की घोरायचे. अर्धं अंग लुळं पडेल म्हणून रिळं बदलायचे!"

झहूरला हसू आलं आणि त्याच क्षणी तिचे डोळेही भरले. बा या खोलीत घोरायचे आणि रीळ संपत आलं की ती तुहामीला खाली खुर्चीत ठेवून वर यायची आणि त्यांना हलवून उठवायची. उठले की पहिलं विचारायचे, आता कुणाचं? बिचारे. आयुष्यभर त्या एका प्रश्नाखाली दबून गेले. त्यांचं दोघींवरही प्रेम होतं आणि ते दोघींनाही कधी पुरं पडलं नाही, हे तिला लहानपणीच कळलं होतं. तुहामीला मात्र ते पडद्यावर दिसलं आणि त्याला वाटलं की जपानात दिसलं.

पण हे त्याला सांगून उपयोग नव्हता. त्याला आत्ता राग हवा होता.

"आज बघ आणि मग काय ते ठरव," ती म्हणाली. "मोठा झाल्यावर तू तो कुठे बघितलायस?"

"कोणता? तो नाहीच आहे!"

"नसलेला बघ मग. पण खाली ये. तुझ्या हाताला अजून भोपळा लागलाय."

तिसऱ्या प्रहरची नमाज झाली तसा हॉल भरायला लागला. आजोबा झालेली माणसं नातवंडांना घेऊन आली. बायकांनी भाजलेल्या बिया आणल्या. भट्टीवाल्याचा मुलगा आता स्वतः म्हातारा झाला होता, तो पहिल्या रांगेत बसून शेजाऱ्यांना गोष्ट आधीच सांगत होता. लोक चित्रपट म्हणत होते, एकच. दोन असल्याचं कुणाच्या बोलण्यात येत नव्हतं.

वर मात्र भांडण चालू होतं.

"आधी एक पूर्ण, मग दुसरा पूर्ण," ओदील म्हणत होती. "संग्रहालयाच्या प्रती आहेत या."

"मग आधी कुणाचा?" अल्लालने विचारलं. "तुम्हीच सांगा. आणि मग खाली जाऊन त्या दोघींना सांगा."

ओदीलने खिडकीतून खाली बघितलं. यामना आणि तामो पुढच्या दोन सोनेरी खुर्च्यांवर बसल्या होत्या, मधे एक खुर्ची मोकळी. दोघी मान वळवून वर बघत होत्या. ओदील शहाणी होती, तिने आपला हट्ट तिथेच सोडला.

"एक रीळ हिचं, एक रीळ तिचं," हनिया म्हणाली.

"हेच म्हणतोय मी," अल्लाल म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा या दोघांचं कशावर तरी एकमत झालं. दुपारी एकमेकांच्या आयांचा उद्धार करणारी ही दोघं आता खांद्याला खांदा लावून त्या पाहुणीसमोर उभी राहिली. "आज फोटो कुणाकडे आहे?"

हाज मआतींचा फोटो आळीपाळीने एकेका बायकोच्या खोलीत रात्र काढायचा. रोज संध्याकाळी तो हलवायची जबाबदारी हनियाची होती.

"आईकडे. म्हणजे पहिलं रीळ तामोचं."

"आणि शेवटचं यामनाचं. न्याय झाला."

"थांबा," ओदील म्हणाली. रिळांची सरमिसळ करू नये असा नियम तिच्या संग्रहालयाने केलेला नव्हता, कारण असं कुणी करील हे तिथे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. "पण एकही रीळ गाळायचं नाही, असा नियम आहे. तो मी मोडणार नाही. सगळी दाखवायची."

अल्लाल आणि हनियाने एकमेकांकडे बघितलं. "सगळी?" अल्लाल म्हणाला. "खुर्च्या भाड्याच्या आहेत हो."

झहूर खाली येऊन आईच्या मागच्या रांगेत बसली. तुहामी आला, पण पुढे बसला नाही. भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभा राहिला, सासऱ्याच्या दारात उभ्या राहिलेल्या रुसक्या जावयासारखा.

दिवे गेले. उजवं यंत्र सुरू झालं. बर्फ. तलवारबाज एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी, मान खाली घालून चालत होता. हॉलमधून मोठा उसासा उठला, सगळ्यांचा मिळून. मग डावं यंत्र. मुंबईची चाळ, शिलाई मशीन, आई. बायकांनी लगेच ओढणी, रुमाल, जे असेल ते डोळ्यांना लावलं. आईने कुणासाठी तरी सदरा शिवला. रीळ बदललं. बर्फात तलवारबाज कुडकुडला. "अगं, सदरा पाठव त्याला!" मागून एक म्हातारी कळवळून ओरडली. गाणं आलं तेव्हा अख्ख्या हॉलने ते गायलं. त्यातला एकही शब्द कुणाला कळत नव्हता, आणि एकही शब्द कुणाचा चुकला नाही.

झहूर पडद्याकडे कमी आणि भावाकडे जास्त बघत होती. आधी त्याच्या हाताची घडी सुटली. आईने खिडकीत दिवा ठेवला तेव्हा तो भिंतीपासून पुढे आला. तलवारबाज थांबला, लांब बघायला लागला, आणि तुहामीचे ओठ हलले. तो काहीतरी म्हणत होता, लहानपणी म्हणायचा तसं. झहूरला ऐकू आलं नाही, पण ती ते ओळखत होती. तेव्हा ती त्याला मांडीवर घेऊन बसायची आणि तो दर वेळी हेच म्हणायचा. डावीकडे बघ, डावीकडे आहे ती.

शेवटी तलवारबाज पुलावरून एकटा निघून गेला. लोक डोळे पुसत उठायला लागले. चित्रपट संपला होता. पन्नास वर्षांपूर्वी तो इथेच संपायचा.

पण डावं यंत्र पुन्हा सुरू झालं.

पडद्यावर आई मशीनपाशी बसली होती. दार वाजलं. दारात एक पोलीस उभा. चांगला गुटगुटीत, गालावर तीळ, पोटावर पट्टा घट्ट बसलेला. तो "माँ!" म्हणून ओरडला. आई उठली, धावली आणि तिने त्याला मिठी मारली. एका चौकटीत, दोघं, गच्च.

हॉल थिजला. उठलेली माणसं अर्धवट वाकलेली तशीच राहिली.

"हा कोण मेला?" यामना म्हणाली. तिचं रीळ होतं, पन्नास वर्षं ती त्याच्या नावाने कुरकुरत आली होती, पण तिच्याही डोक्यातून तो पोलीस पार गेला होता.

"पोरगा तर पुलावर आहे!" भट्टीवाल्याचा मुलगा ओरडला. "आत्ता गेला ना पुलावरून!"

"अगं, सोड त्याला, तो तुझा नव्हे!"

"हिला दिसत नाही की काय?"

वर अल्लालने दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं. खुर्च्या वाजायला लागल्या. झहूरने तुहामीकडे बघितलं. आता तो पुढे होईल, तिला वाटलं, आणि गावासमोर सांगेल की बघा, हाच खरा शेवट, बाकी सगळा माझ्या बापाचा गोंधळ होता आणि मी त्या गोंधळावर नाव कमावलं.

तो पुढे झाला. नवरा-नवरीच्या सिंहासनाला वळसा घालून पडद्यासमोर गेला. त्याचा चेहरा लाल झाला होता. त्याने हात वर केला तशी त्या हाताची भलीमोठी सावली त्या पोलिसाच्या तोंडावर पडली.

"बंद करा!" तो ओरडला. "अल्लाल, बंद कर ते आधी!"

यंत्र थांबलं. अल्लालने दिवे लावले. तुहामी धापा टाकत ओदीलकडे वळला, तिथूनच, सगळ्यांसमोर.

"तुमच्या संग्रहालयाला कळवा," तो म्हणाला. "प्रत बिघडलेली आहे. शेवटचं रीळ भलत्याच चित्रपटाचं घुसलंय."

ओदील खोलीच्या छोट्या खिडकीतून खाली बघत होती. तिच्या हातात त्या रिळाचा डबा होता आणि डब्यावर त्याच हिंदी चित्रपटाचं नाव होतं. तिने डब्याकडे बघितलं. मग हॉलकडे बघितलं. अझेम्मूरची सगळी माणसं, म्हातारे, बायका, पोरं, तिच्याकडे बघून माना हलवत होती. बरोबर आहे. भलत्याच चित्रपटाचं आहे. तिच्या बाजूला उभी असलेली हनियासुद्धा.

"मग खरं शेवटचं रीळ कुठे आहे?" ओदीलने विचारलं.

"ते अजून काढलेलं नाही," तुहामी म्हणाला. "मी काढतोय. पुढच्या वर्षी पाठवतो."

झहूरला रडू कोसळलं, आणि ते लपवायला तिने बियांची पुडी तोंडापुढे धरली. लोक टाळ्या वाजवत होते, शिट्ट्या मारत होते. त्या गलक्यात लल्ला तामोने काठी जमिनीवर आपटली, आणि गलका थांबेपर्यंत ती आपटत राहिली.

"तुहामी," ती म्हणाली, "त्यात तरी भेटव रे त्यांना. पंधरा वर्षं झाली तुला परदेशी जाऊन. तू टीव्हीत दिसतोस आणि मी इथून बघते. मला चौकट-बिकट कळत नाही. पण त्या बाईचं वय झालंय आता. तिला किती दिवस मशीनवर बसवशील?"

त्याने तोंड उघडलं. तीस वर्षं तो या प्रश्नाला उत्तर देत आला होता, पॅरिसमध्ये, व्हेनिसमध्ये, माईकसमोर, आणि ते उत्तर फार सुंदर होतं. आत्ता ते त्याला आठवेना.

"बघतो, आई," तो म्हणाला, आणि दोघींच्या मधल्या खुर्चीत येऊन बसला.